पांढऱ्या पेशींना कुणी बोलावलं?

‘ताई, मी खारेगावात राहते, नोकरी ऐरोलीला. आई 54 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची दोन्ही मनगटं आणि बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी आमवात सांगितला, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड आणि पाच आठवड्यांपासून प्रेडनिसोलोन चालू आहे. आता आई पुन्हा पोळ्या लाटते. पण परवाच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी 13,800 आल्या, शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. ताप, खोकला, लघवीला जळजळ काही नाही, थकवा मात्र आहे. मावशी म्हणाली, अंगात इन्फेक्शन आहे, नाहीतर ब्लड कॅन्सर. शेजारच्या काकू म्हणतात, गोळ्यांनी प्रतिकारशक्ती गेली, गुळवेलीचा काढा सुरू कर. आई घाबरून सगळ्या गोळ्या बंद करते म्हणतेय. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी आहे. पेशी वाढल्या हे चांगलं की वाईट? आणि जखम नाही, जंतू नाही, तर सांधा सुजतो कशाला? रिपोर्टचा फोटो जोडला आहे. मला तू म्हटलंत तरी चालेल. – एक मुलगी, कळवा’

प्रिय मुली,

सगळ्यात आधी आईला हे वाचून दाखव. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, एकही नाही. पाच आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करून टाकतं. ते अचानक थांबवलं तर गळून जाणं, चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली येणं असे प्रकार होतात. म्हणून ही गोळी डॉक्टरच हळूहळू उतरवत नेतात. आणि दहा दिवस धाकधूक करत बसू नकोस, उद्याच दवाखान्यात फोन करून रिपोर्ट कळव. औषधाचा निर्णय त्यांचाच. मी पॅथॉलॉजिस्ट, आयुष्य सूक्ष्मदर्शकापुढे गेलं. त्या कागदावरचे आकडे कसे वाचायचे एवढं मात्र मी तुला नक्की सांगू शकते.

फोटो पाठवलास ते फार बरं केलंस, कारण तुम्ही सगळ्यांनी वरचा एक आकडा वाचला आणि खालच्या ओळी सोडून दिल्या. न्यूट्रोफिल 81 टक्के, लिम्फोसाइट 14, इओसिनोफिल शून्य. या पांढऱ्या पेशींच्याच वेगवेगळ्या जाती. कच्च्या पेशी दिसल्या, अशी नोंद कुठेही नाही. सीआरपी आधी 46 होता, आता 11. न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली, इओसिनोफिल जवळजवळ गायब आणि सूज मोजणारा सीआरपी उतरलेला: स्टिरॉइड चालू असलेल्या माणसाच्या रक्ताचं हे ओळखीचं चित्र आहे. ब्लड कॅन्सरचं चित्र असं नसतं. इन्फेक्शन नाहीच असं केवळ कागदावरून कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण आईला ताप नाही, खोकला नाही, लघवीला जळजळ नाही असं तू लिहिलं आहेस. मग स्टिरॉइडचा परिणाम हाच पहिला अंदाज.

आता तुला वाटेल, सूज उतरवणाऱ्या गोळीने पांढऱ्या पेशी वाढतात कशा? त्यासाठी या पेशी रक्तातून बाहेर कशा पडतात ते आधी पाहावं लागेल, आणि ते मला नीट सांगायचं आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

रक्तातली पांढरी पेशी नुसती प्रवास करत असते, तिचं काम रक्ताबाहेर असतं. बोटात काटा मोडला तर तिला त्या बोटाशी, नेमक्या त्या जागी रक्तवाहिनीतून उतरावं लागतं. पण रक्ताचा वेग एवढा, की कुणी थांबवलं नाही तर ती सरळ पुढे निघून जाईल. डोंबिवलीहून स्लो लोकलने ठाण्याला येणारी माणसं आठव. मुंब्रा गेलं की ती जागेवरून उठतात, कळव्याला दाराच्या दिशेने सरकलेली असतात आणि ठाणं येईपर्यंत दांडीला हात घालून दारातच उभी असतात. ऐन वेळी आतून उठणाऱ्याला ठाण्याची गर्दी उतरू देत नाही. पांढऱ्या पेशीचंही तसंच आहे.

काटा मोडला की तिथल्या ऊतीत पहारा देणाऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी, जागच्या जागी रसायनं सोडतात. हिस्टामिनने वाहिनी सैल होते, त्या जागी रक्त जास्त येतं, म्हणून लाली आणि उष्णता. वाहिनीतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 ही रसायनं वाहिनीच्या आतल्या अस्तराला उठवतात. अस्तर मग आपल्या पृष्ठभागावर सेलेक्टिन नावाचे चिकट रेणू काढून ठेवतं. पेशी त्यांना अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते आणि भिंतीवरून गडगडत पुढे सरकू लागते. तिचा वेग पडतो. ही झाली कळव्याला दाराशी येण्याची पायरी.

नुसतं गडगडून उतरता येत नाही. भिंतीवर तिच्यासाठी हाक लावलेली असते. या हाकेच्या रेणूंना केमोकाइन म्हणतात. अगदी छोटी प्रथिनं, साधारण 70 ते 100 अमिनो आम्लांची. माणसात ती पन्नासच्या आसपास आहेत आणि ती ओळखणारे, पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू वीसच्या आसपास. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला ज्या गोष्टीचं सगळ्यात नवल वाटलं ती अशी, की केमोकाइन रक्तात नुसतं सोडून दिलं जात नाही. तसं सोडलं तर रक्ताबरोबर वाहून जाईल आणि हाक भलतीकडेच ऐकू येईल. वाहिनीच्या आतल्या बाजूला साखरेच्या लांब साखळ्यांचं तलम आवरण असतं, त्याला हे रेणू चिकटून बसतात. स्टेशनचं नाव गाडीत न ठेवता फलाटावर रंगवलेलं असावं तसं. गडगडणाऱ्या पेशीचा ग्राहक रेणू त्याला टेकला, की पेशीच्या आत निरोप जातो आणि तिच्या अंगावरचे इंटेग्रिन नावाचे हात, जे एरवी मिटलेले असतात, सेकंदाच्या आत उघडून भिंतीला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तरातल्या दोन पेशींच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर पडते.

बाहेर ऊतीत आता तिला वाट काढायची असते. तिथेही केमोकाइन असतात, काट्याजवळ दाट आणि लांबवर विरळ. तहसील कचेरीजवळ मिसळीच्या तर्रीचा वास येतो, दुकान दिसत नाही, पण पावलं वास वाढेल तिकडे वळतात, अगदी तसंच. फरक एवढाच, की आपण दहा पावलं चालून वास वाढला का ते बघतो, तर ही पेशी आपल्याच अंगाच्या दोन टोकांची तुलना करते. पुढच्या आणि मागच्या टोकाला रसायनाच्या प्रमाणात जेमतेम एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी तिला तो कळतो. मग ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला ती अंग पसरते आणि मागचा भाग ओढून घेते. वेग मिनिटाला साधारण दहा मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर जायला दीड तासाच्या वर. काट्याजवळ पोचलं की वास बदलतो. तिथे जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे, रक्तातला सी5ए, आधी पोचलेल्या न्यूट्रोफिलनी सोडलेला ल्यूकोट्राइन बी4 अशा ‘इथेच’ सांगणाऱ्या खुणा असतात. त्यांच्यापुढे लांबून आलेल्या हाकेकडे ती दुर्लक्ष करते.

हाक सगळ्यांना सारखी नसते हेही लक्षात ठेव. 1987 मध्ये ओळखलं गेलेलं इंटरल्यूकिन-8 मुख्यतः न्यूट्रोफिलना बोलावतं, त्या काही तासांत हजर होतात. सीसीएल2 मोनोसाइटना बोलावतं, त्या मागून येतात आणि सफाई करतात. इओटॅक्सिन इओसिनोफिलना बोलावतं, दम्यात आणि ॲलर्जीत त्याचं काम दिसतं. म्हणून गळवातल्या पुवाची स्लाइड केली तर न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल दिसतात, आणि दमेकऱ्याच्या थुंकीत गुलाबी दाण्यांचे इओसिनोफिल. मी हजारो स्लाइड पाहिल्या, तरी दर वेळी वाटायचं की ही गर्दी आपोआप झालेली नाही, नावानिशी बोलावलेली आहे.

पेशी स्वतःहून काट्याकडे चालत जातात हे स्पष्ट दाखवलं ते इल्या मेचनिकॉव्ह यांनी. 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी राहत असताना त्यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लात एक बारीक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. त्या पिल्लाला रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे रक्ताने वाहून आणलं हे कारण निघालं. या कामासाठी 1908 चं नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एरलिक यांच्याबरोबर मिळालं. काट्याने त्या पेशींना नेमकी काय हाक मारली, हे कळायला मात्र पुढची शंभरेक वर्षं जावी लागली.

आता तुझ्या 13,800 कडे येऊ. तपासणीसाठी दंडातून रक्त घेतात तेव्हा वाहत्या प्रवाहातल्या पेशी मोजल्या जातात. पण रक्तवाहिन्यांत असलेल्या न्यूट्रोफिलपैकी जवळपास निम्म्या एरवी भिंतीला लगटून हळूहळू सरकत असतात, त्या मोजणीत येतच नाहीत. स्टिरॉइड ही लगट सैल करतं. कडेच्या पेशी प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतून थोड्या जास्त सुटतात आणि ऊतीत उतरणाऱ्या कमी होतात. म्हणून आकडा फुगतो. दारातली माणसं उतरायची थांबून पुन्हा डब्यात शिरली तर डबा जास्त भरलेला दिसेलच. आईच्या मनगटात कमी पेशी उतरत आहेत, म्हणून दंडाच्या रक्तात जास्त दिसत आहेत. सीआरपी 46 वरून 11 वर आला, तोही याच बाजूने बोलतो. सुजेच्या जागेवरून निघालेलं इंटरल्यूकिन-6 यकृतात पोचलं की यकृत सीआरपी बनवतं. हाका कमी झाल्या की तो उतरतो. (धावत जिना चढून लॅबमध्ये जाऊन लगेच रक्त दिलं तरी पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या येतात, त्यामागेही हेच कारण आहे.)

नुसत्या संख्येवरून घाबरू नये आणि खूशही होऊ नये, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. काही बाळं जन्मतःच अशी असतात, की त्यांच्या पांढऱ्या पेशींवरचे इंटेग्रिनचे हात नीट बनलेले नसतात. भिंतीवर हाक आहे, पेशीला ती ऐकूही येते, पण धरायला हात नाहीत. या बाळांची नाळ वेळेत गळत नाही, आठवडेच्या आठवडे राहते, बेंबीला जंतुसंसर्ग होतो. रक्तात पांढऱ्या पेशी 50,000 च्याही पुढे जातात आणि जखमेत मात्र पू धरत नाही. सगळं सैन्य रस्त्यावर, घरात कुणीच नाही. नव्या डॉक्टरला वाटतं, एवढ्या पेशी आहेत म्हणजे बाळ जोरात लढतंय. तसं नसतं, ते बाळ फार धोक्यात असतं. अशा जन्मजात आजारांचं निदान आपल्याजवळच, परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तीन-चार आठवडे होऊनही नाळ न गळलेलं बाळ असेल, तर त्यांनी आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. तुझ्या पत्राशी याचा थेट संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता ‘जखम नाही, जंतू नाही, तर सांधा सुजतो कशाला?’ अगदी बरोबर प्रश्न आहे. आमवातात शरीराची ओळखयंत्रणा चुकते आणि आपल्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. सांध्याच्या आतल्या मऊ अस्तरात ठिणगी पडते. तिथल्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-8, सीसीएल2 सोडू लागतात, म्हणजे काटा नसताना काटा मोडल्याची हाक. न्यूट्रोफिल प्रामाणिकपणे येतात, हाकेवर विश्वास ठेवणं एवढंच त्यांना ठाऊक. जंतू मारायची विकरं त्या सांध्यात सोडतात, कूर्चा झिजते, झिजलेल्या भागातून पुन्हा हाक जाते. साध्या जखमेत दोन-चार दिवसांत हे आवरतं. न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, उरलेले केमोकाइन शोषून घेणारे वेगळे रेणू असतात आणि ‘आता पुरे’ सांगणारी लायपॉक्सिन, रिझॉल्व्हिन अशी रसायनं निघतात. आमवातात हे ‘पुरे’ पुरेसं ऐकू येत नाही. रात्रभर हालचाल नसताना सांध्यात पाणी आणि रसायनं साचतात, म्हणून सकाळी मूठ वळत नाही.

एकेक केमोकाइन अडवून हा आजार थांबवायचे प्रयत्न झाले, पण आमवातात ते फारसे साधले नाहीत. एक हाक बंद केली तर दुसरी तेच काम करते, कारण एका ग्राहक रेणूला अनेक केमोकाइन चालतात. त्याऐवजी उगमाकडची रसायनं, म्हणजे टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-6 अडवणारी इंजेक्शनं उपयोगी ठरली. टीएनएफ अडवणारी 1998-99 पासून जगात वापरात आहेत, इंटरल्यूकिन-6 अडवणारी त्यानंतर दहाएक वर्षांनी आली. आईला पुढे कधी त्यांची गरज पडली, तर आधी क्षयरोगाची तपासणी नक्की होऊ दे. फुप्फुसात झोपलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचं काम टीएनएफच करतं, आणि आपल्या देशात असे झोपलेले जंतू कितीतरी लोकांच्या छातीत असतात. आज मात्र आईचं मेथोट्रेक्सेट चांगलं चाललंय, तोच या आजाराचा पहिला आणि भरवशाचा आधार. हे औषध अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलं. 1895 मध्ये आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेला माणूस. फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवण्याचं कामही त्यांच्याच चमूचं. आईच्या डबीत शेजारी शेजारी पडलेल्या दोन्ही गोळ्या एकाच प्रयोगशाळेतून जगात आल्या. आईला हे जरूर सांग.

काढ्याबद्दल स्पष्टच लिहिते. काकूंची माया मला कळते, पण त्यांचा हिशेब उलटा आहे. आईची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून सांधे सुजले नाहीत, ती नको तिथे नको तितकी धावली म्हणून सुजले. अशा वेळी ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ म्हणणारं काहीही, मग तो काढा असो की डब्यातली पावडर, देऊ नकोस. गुळवेलीबद्दल विशेष काळजी घे. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि ती शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद आपल्याला इथे सोडवायचा नाही. मेथोट्रेक्सेटवर असलेल्या बाईचं यकृत आधीच दर काही आठवड्यांनी तपासावं लागतं, तिथे असा धोका कशाला घ्यायचा? काकूंना सांग, हळदीचं दूध आणि गरम वरणभात चालेल, तोही त्यांच्या हातचा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे मी पुन्हा लिहिते, कारण रोजची गोळी समजून सलग आठ-दहा दिवस घेतल्याने माणसं अत्यवस्थ झालेली मी पाहिली आहेत. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी 13,800 नव्हे, हजाराच्याही खाली गेलेल्या होत्या, आणि तो आकडा खरोखर घाबरण्याचा होता. वार ठरवा, कालनिर्णयवर त्या वाराच्या चौकटीत खूण करा, गोळी घेतली की खुणेवर टिंब. उरलेली पट्टी तुझ्या कपाटात ठेव.

ताप 100.4 च्या वर गेला, तोंडात फोड आले, कोरडा खोकला किंवा दम लागू लागला, डोळे पिवळे दिसले, लघवीला जळजळ झाली किंवा एकच सांधा अचानक लालबुंद होऊन ठणकायला लागला, तर दहा दिवस थांबू नका. स्टिरॉइडमुळे ताप दबतो, म्हणून ‘ताप नाही ना’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस. पावसाळ्यात खारेगावात पाणी साचलं, तर आईने त्यातून चालू नये. लेप्टोचे जंतू पायाच्या बारीक चिरेतूनही शिरतात.

डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचार: प्रेडनिसोलोन कधीपासून उतरवायचं, पुढचं रक्त कधी तपासायचं आणि हिमोग्लोबिन 10.9 आहे त्याचं काय करायचं. तुमच्यापैकी कुणीही या तिसऱ्या आकड्याकडे पाहिलं नाही, आणि या सगळ्या कागदात मला जास्त काळजी त्याचीच वाटली. दीर्घ सुजेत लोह शरीरात असूनही वापरलं जात नाही. आईच्या थकव्याचं कारण तेही असू शकेल.

आणि दोन आठवडे रोज सकाळी आईला विचारून एक आकडा लिहून ठेव: उठल्यापासून मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागली. पुढच्या भेटीला तो कागद रिपोर्टच्या वर ठेवून डॉक्टरांच्या हातात दे.

तुझी,
ताई
नौपाडा, ठाणे